वाड्याचं लाईटबिल

लाईटबिल हातात पडलं की आपण आधी काय बघतो? खालचा आकडा. मीही तेच बघायची. २०१७ च्या मे महिन्याचं बिल आलं, तेव्हा मी तो आकडा बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. मग बिलाची घडी घालून ती देवघराशेजारच्या फडताळात सारली. यजमानांना दाखवलंच नाही. त्या महिन्यात गणवेशाच्या शिलाईतून माझ्या हाती जे उरणार होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या एका कागदानं खाल्लं होतं.

साताऱ्यातल्या जुन्या पेठेत आमचा वाडा आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. दगडी जोतं, दोन-अडीच फूट रुंद भिंती, सागवानी खांब, कडीपाट, मधोमध चौक, चारी बाजूंनी सोपे आणि मागं परसू. २००९ साली माजघरात दोन मशीन टाकून मी शाळेचे गणवेश शिवायला घेतले. चार वर्षांत दोनाची आठ मशीन झाली. कापायला, काजं-बटणांना, इस्त्रीला अशा मिळून अकरा बायका कामाला येऊ लागल्या. कुणी गोडोलीहून चालत येते, कुणी एसटीनं लिंबहून.

धंदा वाढला तसं वाटायला लागलं, आता जागा जरा नीटनेटकी पाहिजे. शाळांचे लोक ऑर्डर द्यायला येतात, त्यांना पोपडे निघालेल्या भिंती कशा दाखवायच्या? म्हणून २०१५ साली कर्ज काढून वाड्याचं नूतनीकरण केलं. आणि तिथंच गणित चुकलं.

नवं केलं, तेच नडलं

कंत्राटदार म्हणाला, ‘वहिनी, एकदम शोरूमसारखं करून देतो.’ मीही हुरळले. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा झाला, वर चकचकीत ऑइलपेंट बसला. कडीपाट झाकून पांढरं पीव्हीसीचं छत आलं. चौकावर पारदर्शक पत्रा बसवला, फटी सिलिकॉननं बुजवल्या. ‘पाऊस नाही, धूळ नाही, चौकात चार मशीन जास्त बसतील.’ माडीच्या त्रिकोणी भिंतीतले झरोके होते, त्यातून कबुतरं येतात म्हणून तेही बंद केले. जुन्या सोप्यावरच्या उंच खिडक्यांना काच लावून त्या कायमच्या मिटल्या.

सासूबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘अगं, चौक झाकलास. आता घरानं श्वास कुठनं घ्यायचा?’

मला वाटलं, जुनी माणसं, त्यांना काहीही नवं केलेलं खपत नाही.

पहिला उन्हाळा आला आणि चौकात उभं राहवेना. पत्र्यातून ऊन आत यायचं, तापलेली हवा मात्र बाहेर जायला वाट नाही. डबा झाकण लावून उन्हात ठेवावा तसं. मशीनवर बसलेल्या बायकांच्या घामाचे डाग पांढऱ्या शर्टांवर पडायला लागले. मग पंखे वाढवले. तेही पुरेनात म्हणून दीड टनांचे दोन एसी घेतले. खिडक्या मिटल्यामुळे दिवसाढवळ्या अठरा ट्यूब जळायच्या. पावसाळ्यात भिंतींना खालून ओल चढली. मातीची भिंत ओल धरते आणि सोडते. वरून सिमेंट आणि ऑइलपेंट चढवल्यावर ती सोडायची कुठून? रंगाला फुगे आले, कापडाच्या गठ्ठ्यांना कुबट वास.

आणि मग ते मे महिन्याचं बिल.

त्याच सुमारास पुण्याहून दीर आले. एका बिल्डरनं त्यांना गाठलं होतं. वाडा पाडून चार मजली इमारत, प्रत्येक हिश्श्याला फ्लॅट, खाली गाळे. दीर वाईट नाहीत, सरळच बोलले, ‘वहिनी, या वाड्यात धंदा परवडत नाही हे तुम्हालाच दिसतंय. उगाच कशाला जीव काढता?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. फडताळात घडी घातलेलं बिल होतं. मी दोन वर्षांची मुदत मागून घेतली. तोवर बिल निम्म्यावर आणून दाखवलं नाही तर सही करीन, असं तोंडातून निघून गेलं.

हरिपूरच्या पेवाची आठवण

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्या सुट्टीत माहेरी गेले आणि सहज बिलाचं रडगाणं त्यांच्यापुढं गायले. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘तुला लहानपणी हरिपूरला पेव बघायला न्यायचो, आठवतं?’

आठवत होतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवं खणलेली असायची. वरचं तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात हळदीची पोती रचायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, रंग उडत नाही. पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे. तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात यातली खूप पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती ज्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ती पेवं आता मोजकीच उरलीत.

बाबा म्हणाले, ‘पेवाला कधी पंखा बघितलास? वर मे महिन्याचं ऊन असलं तरी खालच्या मातीला त्याचा पत्ता नसतो. तुझ्या वाड्याची भिंत पण मातीचीच हाय. तिला काम करू दे की.’

परत आल्यावर एका रविवारी सगळ्या बायकांना घेऊन लिंबला गेले. आमच्या बटणवाल्या मावशींचं ते गाव. तिथली बारा मोटेची विहीर तुमच्यातल्या अनेकींनी बघितली असेल. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहिरीच्या पोटात बसा-उठायला महाल आहे. वर रणरणतं ऊन होतं आणि आम्ही त्या दगडी महालात डबे सोडून बसलो होतो. कुणाच्या कपाळावर घाम नव्हता. वारा झरोक्यांतून येत होता, पाण्यावरून गार होऊन.

तेव्हा सासूबाईंचं ‘श्वास’ डोक्यात बसलं. जुन्या लोकांकडे वीज नव्हती, म्हणून त्यांनी घरच असं बांधलं की वीज लागू नये. मी कर्ज काढून ती सोय बुजवली होती आणि बुजवलेल्या सोयीची भरपाई दर महिन्याला बिलातून करत होते.

आधी घराचं, मग यंत्राचं

कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, जुन्या वाड्यांची कामं करणारा एक इंजिनिअर ओळखीतून मिळाला. त्यानं आल्याआल्या एसीकडे बघितलंच नाही. खांब ठोकून बघितले, तुळयांना वाळवी लागलीय का बघितलं, भिंतीच्या भेगा बघितल्या. आपला भाग भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा सासूबाई घरात नव्या सूनबाई होत्या. वाड्याची मागची भिंत तेव्हाच तडकलेली. त्यामुळे जुन्या घरात आधी बळकटी बघायची, मग बाकीचं. दोन तुळया बदलाव्या लागल्या. त्यात पैसे गेले, पण तिथं काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

मग एकेक गोष्ट उलटी करत गेलो.

सगळ्यात आधी चौक. पत्रा पूर्ण काढायचा म्हटलं तर साताऱ्याचा पाऊस! म्हणून तो काढून वळचणीपेक्षा दोन फूट वर उचलून बसवला, निम्म्या भागाला सावलीचा पत्रा घातला. चारी बाजूंनी मोकळी फट ठेवली आणि कबुतरांसाठी तिला जाळी मारली. गरम हवा वर चढते, ती आता तिथून निघून जाते आणि तिच्या जागी दिंडीदरवाज्यातून, परसातून हवा आत ओढली जाते. एवढंच त्यामागचं शास्त्र.

यात माझी एक चूक झाली, तीही सांगते. पहिल्या जुलैत वाऱ्याबरोबर पावसाची झड त्या फटीतून आत आली आणि रात्रीत शर्टाच्या कापडाचे तीन गठ्ठे भिजले. मी डोक्याला हात लावून बसले. दिरांना कळू नये म्हणून बायकांनी दोन दिवस ते कापड माडीवर दोऱ्या बांधून वाळवलं. नंतर पत्रा बाजूनं दीड फूट पुढं काढला. तेव्हा, चौक उघडणार असाल तर झड कुठल्या दिशेनं येते ते एक पावसाळा बघून ठेवा.

दुसरं, भिंती. सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. ते काम किचकट, धुळीचं. एका वेळी एकच सोपा घेतला, म्हणजे शिवण बंद पडायला नको. वर चुन्याचा गिलावा केला. चुना मुरवायला वेळ लागतो. जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे. असा गवंडी शोधायलाच आम्हाला दोन महिने लागले, शेवटी वाईकडचे एक वयस्कर बाबा मिळाले. दोन पावसाळ्यांनंतर खालची ओल हटली, कुबट वास गेला. कोरडी भिंत ओल्या भिंतीपेक्षा उन्हाला जास्त अडवते, हे मला त्या इंजिनिअरनं सांगितलं.

तिसरं, छत. पीव्हीसी काढल्यावर खालून कडीपाट निघाला. रंधा मारून तेलपाणी केल्यावर शाळेचे लोक शोरूमपेक्षा त्याचंच कौतुक करायला लागले! माडीवरचे झरोके जाळी लावून उघडले. मंगलोरी कौलांमध्ये मधूनमधून काचेची कौलं बसवली, पण उत्तरेच्या उताराला. दक्षिणेला बसवली असती तर उजेडाबरोबर ऊनही आलं असतं.

आणि चौथी गोष्ट बिनपैशाची. बसण्याच्या जागा बदलल्या. मशीन दक्षिणेकडच्या सोप्यात नेली. त्याचं तोंड उत्तरेला चौकाकडे, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड आणि ऊन डोळ्यांवर नाही. सुईत दोरा ओवायला दिवा लागत नाही. काजं-बटणांच्या मावशी सकाळी पूर्वेच्या सोप्यात, दुपारी पश्चिमेच्या. सासूबाई म्हणाल्या, ‘आम्ही काय वेगळं करत होतो? निवडण-टिपण सावली बघूनच करायचो.’ इस्त्रीची टेबलं मागच्या पडवीत गेली, त्यांची धग सगळ्यांना कशाला? पश्चिमेच्या दाराला उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागले. दुपारी त्यावर पाणी मारलं की वारा गार आणि वासाचा.

२०१९ च्या उन्हाळ्यात मार्च गेला, एप्रिल गेला. एसी लावायची आठवण कुणालाच झाली नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी मावशी म्हणाल्या, ‘बाई, ते एशीचं डबं इकून टाका. हितं बसलं की घरच्यापरीस बरं वाटतंय.’ दोन्ही विकले.

रिकामी फिरणारी मोटर

घरानं आपलं काम सुरू केल्यावर मी यंत्रांकडे वळले. मुलगा अकरावीत होता, त्याला वही दिली. ‘प्रत्येक वस्तूवर किती वॉट लिहिलंय ते लिही आणि किती तास चालते ते.’ हिशेब सोपा आहे. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट.

साधा पंखा ७५ वॉटचा. आमचे दहा पंखे, नऊ तास, म्हणजे रोज पावणेसात युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो, म्हणजे तेच दहा पंखे पावणेतीन युनिटमध्ये. रोजचे चार, महिन्याचे शंभर युनिट वाचले. पंखा महाग पडतो, म्हणून आम्ही दर महिन्याला दोन असे बदलले. जुन्या ट्यूब चोकसकट पन्नास वॉटच्या वर जात होत्या. त्याजागी वीस वॉटचे एलईडी आले, आणि उजेड आत आल्यामुळे अठराऐवजी आठच पुरले.

खरा चोर मात्र मशीनखाली निघाला. कारखान्याच्या शिलाई मशीनला जुन्या पद्धतीची क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती फिरतच राहते. तुम्ही पायपट्टी दाबा किंवा नका दाबू. बाई कापड जुळवतेय, दोरा बदलतेय, डबा खातेय, मोटर फिरतेच. ती ‘घूंऽऽ’ आमच्या इतकी अंगवळणी पडलेली की ऐकूच यायची नाही. सर्वो मोटर पाय ठेवला तरच फिरते. आठही मशीनना ती बसवली त्या दिवशी वाड्यात एवढी शांतता झाली की एकीनं विचारलं, ‘लाईट गेली का?’

सांगलीच्या बहिणीचा एसी

आता कुणी म्हणेल, आमच्या धंद्याला एसी लागतोच, त्याचं काय? माझी आत्तेबहीण सांगलीत गावभागात राहते. तिनं जुन्या घरात ब्युटी पार्लर काढलंय. उन्हाळ्यात फेशियलला आलेलं गिऱ्हाईक घामाघूम होऊन कसं चालेल?

तिनं एक शहाणपण केलं. सगळं घर गार करायच्या भानगडीत पडली नाही. मधलं माजघर, ज्याच्या चारी भिंती आतल्या, ज्याला ऊन लागतच नाही, तेवढी एकच खोली एसीसाठी निवडली. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली, वर कडीपाटाच्या फटी बुजवल्या. जिथं यंत्रानं गारवा करायचा तिथं फट नको आणि जिथं वाऱ्यानं करायचा तिथं फट हवी, हे लक्षात ठेवा. आम्ही दोघींनी त्याची नेमकी उलट चूक केली होती. मी मोकळं ठेवायचं ते मिटवलं, तिनं पहिल्या वर्षी मिटवायचं ते उघडं ठेवलं.

ती एसी २६ वर ठेवते आणि हळू पंखा लावते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं एक अंश वाढवला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताना मुळातच २४ वर लागतील असा नियम झाला.

पण तिच्या घरानं मला जास्त शिकवलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गावभागात कमरेच्या वर पाणी. घर आठ दिवस पाण्यात. उतरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो. सिमेंट लावलेल्या पुढच्या खोलीच्या भिंती संक्रांतीपर्यंत ओल्या राहिल्या, जुन्या चुन्याचं माजघर दिवाळीत कोरडं झालं होतं. तिचा मीटर आणि इन्व्हर्टर खाली होता, तो गेला. एसीचं बाहेरचं यंत्र भिंतीवर उंच होतं, ते वाचलं. आता तिनं मीटर, वायरिंग, बटणं सगळं पुराच्या रेघेच्या वर नेलंय. नदीकाठी धंदा असेल तर विजेची बचत पहिल्यांदा ही.

न्यूयॉर्कपासून आमच्या पेठेपर्यंत

हे सगळं आमच्यासारख्या छोट्या लोकांचं, असं मला वाटायचं. मुलानं एक दिवस वाचून दाखवलं. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. एकशे दोन मजल्यांची, कचेऱ्यांनी भरलेली. तिथली वीज कमी करायचं काम २००९ साली जाहीर झालं. ६,५१४ खिडक्या होत्या. त्या फेकल्या नाहीत. काचा काढून त्याच इमारतीत एका मजल्यावर नीट करून पुन्हा बसवल्या. खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या मागं उष्णता अडवणारा पडदा लावला, दिवे बदलले. ही कामं आधी केल्यामुळे इमारत गार ठेवणारी अवाढव्य यंत्रं नवी, आणखी मोठी घ्यायची गरजच उरली नाही. जुनीच दुरुस्त करून भागलं. एकूण ३८ टक्के ऊर्जा वाचवायचं त्यांचं उद्दिष्ट होतं.

म्हणजे क्रम तोच. आधी इमारत, मग दिवे-पंखे, यंत्र शेवटी. मी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, ‘बघ, अमेरिकेला पण कळलं.’

सोलर सगळ्यात शेवटी

२०१७ साली बिलानं हैराण झाले तेव्हा मीही आधी सोलरवाल्यालाच बोलावलं होतं. त्यानं बिल बघून ८ किलोवॉटचा आकडा सांगितला. एवढ्या पॅनेलना जवळजवळ आठशे चौरस फूट मोकळी जागा लागते. ती कुठली आणायची? जुन्या कौलांवर, जुन्या वाशांवर एवढा भार टाकायचा नाही, असं इंजिनिअरनं नंतर स्पष्टच बजावलं.

२०२१ साली पुन्हा विचारलं, तेव्हा बाकीची सगळी कामं झाली होती. आता ३ किलोवॉट पुरणार होतं. परसात न्हाणीघर आणि पडवीवर नंतर टाकलेला स्लॅब आहे, तेवढ्यावर ते मावलं. रस्त्यावरून बघितलं तर वाडा जसाच्या तसा दिसतो. शेजारच्या अपार्टमेंटची सावली कुठवर येते हे आधी दिवसभर खडूनं रेघा मारून बघितलं, मग जागा ठरवली. स्वच्छ उन्हात रोज साधारण बारा युनिट तयार होतात. गणवेशाचा हंगाम मार्च ते जून, ऊनही तेव्हाच. जुलै-ऑगस्टला उत्पन्न घटतं. रविवारी मशीन बंद असतात, तेव्हाची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते.

दोन गोष्टी मात्र आधी कुणी सांगत नाही. एक, बॅटरी नसलेलं असं सोलर बाहेरची लाईट गेली की तेही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी सोयच असते. दुसरी, २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान, ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये, हे घरगुती जोडणीसाठी आहे. धंद्याच्या मीटरला ते नाही. तेव्हा हिशेब करताना ते धरू नका.

जुन्या घरात धंदा करताय? मग एवढं कराच

- रंग-गिलाव्याआधी जाणत्या इंजिनिअरकडून लाकूड, भिंती, पाया तपासून घ्या. जुनं वायरिंग पूर्ण बदला, अर्थिंग करून घ्या.
- वाड्याचं नाव वारसा यादीत असेल तर नगरपालिकेची परवानगी आधी.
- चौक, झरोके, उंच खिडक्या बुजवू नका. जाळी लावा, पण हवेची वाट ठेवा.
- मातीच्या, चुन्याच्या भिंतीला सिमेंट आणि ऑइलपेंट नको. चुना बरा.
- एका वहीत प्रत्येक वस्तूचे वॉट आणि तास लिहा. कुठली वस्तू रिकामी चालते ते शोधा.
- पंखा, फ्रिज, एसी घेताना पट्टीवरचे तारे बघा.
- एसी लागणारच असेल तर एकच आतली खोली निवडा.
- बिलावरचा आकडाच नव्हे, युनिट बघा. आपलं मीटर कुठल्या वर्गात आहे, तो दर बरोबर लागलाय का, हे कार्यालयात जाऊन विचारा.
- सोलर शेवटी. गरज कमी केल्यावर ते कमी लागतं.

मुदत संपली तेव्हा

दोन वर्षांची मुदत २०१९ च्या मे महिन्यात संपली. तेव्हा सोलर नव्हतं, सर्वो मोटरी निम्म्याच बसल्या होत्या. दीर आले. मी देवघराशेजारच्या फडताळातून २०१७ चं बिल काढलं आणि नव्या बिलाशेजारी ठेवलं. यजमानांनी ते जुनं बिल तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण नंतर कितीतरी दिवस बिल आलं की ते स्वतः उघडायचे.

युनिट निम्म्याच्याही खाली आले होते. दिरांनी दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, ‘वहिनी, बिल्डरचा हिशेब अजून मोठाच आहे बरं का.’ ते खरं होतं. जमिनीच्या किमतीशी लाईटबिलाची बरोबरी होत नाही. वाडा विकून जे एकरकमी मिळालं असतं, ते मला शिलाईतून मिळवायला जन्म जाईल. मी तसं कबूलही केलं. पण त्या दिवशी प्रश्न बदलला होता. ‘परवडत नाही म्हणून विकू या’ असं आता कुणाला म्हणता येत नव्हतं. विकायचा तर विकायचा म्हणून, आणि तो निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा. अजून तो घेतलेला नाही. दर दिवाळीला विषय निघतो, दर दिवाळीला फराळ संपेपर्यंत थांबतो.

मागच्या मे महिन्यात एक दिवस ट्रान्सफॉर्मर उडाला. सकाळी अकरापासून लाईट नाही, सोलरही बंद. उद्या दुपारी एका शाळेचे दोनशे फ्रॉक द्यायचे. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते, वायरमन येतोय का. आत वळून बघितलं तर मशीनवरच्या बायका उठून चौकाभोवती सावली धरून बसल्या होत्या. कुणी हातानं तुरपाई घेत होतं, कुणी हूक लावत होतं, कुणी दोरे काढत होतं. मधे सासूबाई, मांडीवर बटणांचा डबा घेऊन.

संध्याकाळी सहाला लाईट आली तेव्हा हाताचं सगळं काम उरकलेलं होतं, फक्त कडेच्या शिलाया राहिल्या होत्या. रात्री नऊपर्यंत थांबून त्या मारल्या. फ्रॉक दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले.